स्टेंटनंतरची टू-डी इको : कधी करायची, कशी करून घ्यायची आणि ‘पंपिंग’ कसं वाचायचं

मिरजेत इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत बसलं की आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकू येतं : “साहेब, स्टेंट नीट हाय का बघा की जरा.” प्रोबला जेली लावता लावता मी सांगतो, इकोत स्टेंट दिसत नाही. मग पेशंट मुलाकडे बघतो, मुलगा फाईलकडे, आणि फाईलमध्ये असतो फक्त कालचा ईसीजी.

चुका ठरलेल्या आहेत. इको चुकीच्या दिवशी होते. जुने कागद नसताना होते. उपाशीपोटी आणि गोळ्या चुकवून होते. आणि शेवटी अख्ख्या रिपोर्टातला एकच आकडा वाचला जातो. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या घरात फाईल ज्याच्या हातात असते, त्याच्यासाठी हे लिहितोय. आपल्या सांगली जिल्ह्यात हा माणूस म्हणजे बहुधा मुलगा, सून, नाहीतर पुण्याहून फोनवर सूचना देणारा पुतण्या. फॅमिली डॉक्टरांना पाचवा आणि सहावा टप्पा उपयोगी पडावा.

१. इको कशासाठी करताय, ते आधी ठरवा

स्टेंट बसवलेला असतो हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या नसेत. ही नस साधारण अडीच ते चार मिलिमीटर रुंद. छातीवरून केलेल्या इकोत तिच्या आतली जाळी उघडी आहे की तुंबली, हे तपासता येत नाही. इकोत दिसतो तो त्या नसेवर जगणारा स्नायू. बागायतदाराला सांगताना मी म्हणतो, पाइपलाइन जमिनीखाली आहे, मी वरून ऊस बघतोय. ऊस वाळलेला दिसला तर पाणी पोचलं नव्हतं हे कळतं. पण ऊस हिरवागार आहे म्हणून पाइपात कुठं गाळ साठलेला नाही, असं म्हणता येत नाही. नसेत चांगला ७० टक्के अडथळा असला तरी माणूस आडवा, निवांत असताना स्नायू अगदी व्यवस्थित हलू शकतो. त्रास होतो तो जिना चढताना.

तेव्हा इकोला विचारायचे प्रश्न वेगळे. कोणत्या भागातला स्नायू दुखावला आणि त्यातला किती परत आला? एकूण पंपिंग किती, म्हणजे भरलेल्या रक्तातलं किती टक्के दर ठोक्याला बाहेर जातं? हृदयात गुठळी, झडपेची गळती किंवा हृदयाभोवती पाणी आहे का? चिठ्ठीवर नुसतं ‘टू-डी इको’ असेल तर डॉक्टरांना विचारून कारण लिहून घ्या. ‘पुढच्या भिंतीचा अटॅक, एलएडीत स्टेंट, ८ आठवडे झाले, पंपिंग सुधारलं का’ (एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य नस) एवढी एक ओळ असली की इको करणारा काय शोधायचं ते ठरवून बसतो.

सावधान : छातीत दुखतंय, घाम फुटलाय, धाप वाढलीय, तर इकोची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल गाठा. आधी ईसीजी. इको तिथले डॉक्टर ठरवतील.

२. दिवस ठरवा : सगळ्यात जास्त चूक इथंच होते

मांडी घालून बराच वेळ बसलं की पाय बधिर होतो. मांडी सोडली म्हणून लगेच चालता येत नाही, मुंग्या जायला वेळ लागतो. अटॅकमध्ये नस बंद पडली आणि स्टेंटनं ती उघडली तरी स्नायूचं असंच होतं. रक्त सुरू झालं, स्नायू जिवंत आहे, पण काम करत नाही. हा सुन्न पडलेला स्नायू सावरायला काही दिवस ते काही आठवडे घेतो. दुसरा प्रकार म्हणजे महिनोन्‌महिने तुटपुंज्या रक्तावर तगलेला, काम कमी करून जीव वाचवलेला स्नायू. त्याला त्याहूनही जास्त वेळ लागतो, काही महिने. तिसरा प्रकार मेलेल्या स्नायूचा. तिथं वण तयार होतो आणि तो परत येत नाही. अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी हे तिन्ही पडद्यावर सारखेच दिसू शकतात.

म्हणून अटॅक येऊन स्टेंट बसलेल्यांसाठी क्रम असा :

पहिली इको हॉस्पिटलमध्येच, डिस्चार्जच्या आधी. ही पुढच्या सगळ्या तुलनेची सुरुवात. झालेली नसेल तर घरी जाण्याआधी विचारा.

दुसरी ६ ते १२ आठवड्यांनी. पहिल्या इकोत पंपिंग ४० किंवा त्याखाली असेल तर ही चुकवायचीच नाही.

त्यानंतर लक्षणं बदलली तर, किंवा डॉक्टरांनी कारण सांगून बोलावलं तर.

अटॅक न येता ठरवून स्टेंट टाकला असेल आणि आधीचं पंपिंग चांगलं असेल, तर दर महिन्याला इको करून हाती काही लागत नाही. त्या पैशात कोलेस्टेरॉल आणि साखरेची तपासणी करा, ती जास्त कामाची.

कमी पंपिंगवाल्यांसाठी या तारखांना आणखी एक वजन आहे. अचानक घातक ठोके पडून दगावण्याचा धोका असेल तर छातीत एआयसीडी नावाचं यंत्र बसवतात. त्याचा निर्णय अटॅकनंतर निदान ४० दिवस आणि स्टेंटनंतर निदान ३ महिने गेल्यावर, औषधं पूर्ण मात्रेत चालू असताना केलेल्या इकोवर घ्यायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. दहाव्या दिवशीच्या इकोत ३० आलं म्हणून घाबरून यंत्राची चौकशी करणारे येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं पंपिंग तीन महिन्यांत यंत्राची गरज उरू नये इतकं वर येतं.

तपासून बघा : अटॅकची तारीख, स्टेंटची तारीख आणि आजची तारीख एका कागदावर लिहा. मधले आठवडे मोजा. सहाच्या आत असतील आणि कोणताही नवा त्रास नसेल, तर इको पुढे ढकलता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

३. फाईल लावा

पिशवीत कोंबलेले कागद म्हणजे फाईल नव्हे. हे हवं :

डिस्चार्ज कार्ड. अँजिओप्लास्टीचा रिपोर्ट, ज्यात कोणत्या नसेत, कुठं, किती स्टेंट हे लिहिलेलं असतं. आधीच्या सगळ्या इकोचे रिपोर्ट, आणि मिळाली तर चित्रफितींची सीडी किंवा पेनड्राइव्ह. अटॅकच्या दिवसाचा आणि अलीकडचा ईसीजी. चालू गोळ्यांच्या पट्ट्या; चिठ्ठी नको, पट्ट्याच, कारण चिठ्ठीवर एक असतं आणि पोटात भलतंच जातं. बायपास झालेली असेल किंवा पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगा. या दोन्हींत हृदयाचा मधला पडदा वेड्यावाकड्या तालात हलतो, आणि माहीत नसलं तर तो अटॅकचा डाग समजला जातो.

सीडीचा आग्रह का? रिपोर्ट म्हणजे कुणीतरी बघून लिहिलेलं मत. सीडीत खुद्द हलणारं हृदय असतं. जुनी आणि नवी फीत शेजारी लावली तर आकड्यांचा निम्मा गोंधळ जागेवर मिटतो. बहुतेक ठिकाणी मागितली तर मिळते. मागत मात्र कुणी नाही.

आणि प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठचे कितीतरी पेशंट माझ्याकडे कोऱ्या हातांनी आले. घरात पाणी शिरल्यावर माणसं आणि जनावरं काढायची की कपाटातली फाईल? एका काकूंकडे २०१७ चा रिपोर्ट शिल्लक राहिला होता, तो केवळ त्यांच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर मागवून ठेवला होता म्हणून.

४. तपासणीच्या दिवशी सकाळी

पोट रिकामं ठेवू नका. साध्या इकोला उपास लागत नाही. जतकडच्या एक आजी पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या, इन्शुलिन टोचून, पण ‘सोनोग्राफीवाणीच असंल’ म्हणून चहासुद्धा न घेता. बाकावर बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम सुटला. साखर निघाली ५८. इको राहिली बाजूला, आधी साखरेचं पाणी आणि बिस्किटं. उपाशी राहायचं ते अन्ननलिकेतून नळी घालून करायच्या इकोला आणि औषध देऊन ताण वाढवायच्या स्ट्रेस इकोला. त्याची सूचना वेगळी मिळते.

गोळ्या नेहमीप्रमाणे, नेहमीच्या वेळी. बीपीची आणि ठोके कमी करणारी गोळी चुकवून आलात तर बीपी १८० आणि नाडी ११० असताना इको होते. बीपी वाढलं की हृदयाला जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं; पंपिंग कमी आणि मायट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) गळती जास्त दिसू शकते. मग पुढच्या वेळी ‘सुधारणा’ दिसते ती स्नायूची नाही, गोळी घेतल्याची. स्ट्रेस इकोआधी काही गोळ्या थांबवतात, पण तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

कपडे पुढून उघडणारे घाला. वजन आणि उंची आधीच मोजून ठेवा. कप्प्यांचं माप शरीराच्या आकारमानाशी ताडून बघायचं असतं. पाच फुटांच्या बाईला आणि सहा फुटांच्या पैलवानाला एकच पट्टी लावता येत नाही. स्टँडवरून धावतपळत आलात तर दहा-पंधरा मिनिटं बसा, मग आत जा.

सावधान : स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या असतात, ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, त्या इकोसाठी एक दिवसही बंद करायच्या नाहीत. साध्या इकोत सुई नाही, टाका नाही, रक्त काढणं नाही.

५. खोलीत काय आणि कोणत्या क्रमानं व्हायला हवं

हे नातेवाइकांनी वाचावं ते माहिती म्हणून, इको करणाऱ्याच्या खांद्यावरून बघत शिकवण्यासाठी नव्हे. नवीन डॉक्टर आणि टेक्निशियन मुलांसाठी मात्र इथं मी जरा सावकाश लिहितो.

(क) नोंदी आधी. नाव, तारीख, उंची, वजन, बीपी, नाडी. ईसीजीच्या तीन वायरी लावायच्याच. वायर नसेल तर हृदय पूर्ण भरल्याचा आणि पूर्ण आकुंचन पावल्याचा नेमका क्षण अंदाजानं पकडावा लागतो, आणि त्या अंदाजावर सगळी मापं उभी राहतात.

(ख) माणूस डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. उताणं झोपवून केलेली इको म्हणजे बंद खिडकीतून अंगण बघणं. कुशीवर वळलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, फुप्फुस बाजूला सरकतं. त्यानंतर श्वास. “श्वास घ्या, हळूहळू सोडा… सोडा… आता थांबा.” पुरता श्वास सोडल्यावर एका ठरावीक क्षणी चित्र एकदम स्वच्छ होतं. आमच्या पेशंटना ‘थांबा’ म्हटलं की ते मोठ्ठा श्वास भरून थांबतात आणि पडद्यावर सगळा धूर. मी आता प्रोब लावण्याआधी दोनदा सराव करून घेतो. तंबाखू-बिडीनं छाती फुगलेली असेल तर बरगड्यांखालून, गुडघे मुडपायला लावून बघावं लागतं.

(ग) आधी नुसतं बघा, मग मोजा. छातीच्या हाडाशेजारून लांबीत आणि आडव्या छेदात, मग टोकाकडून चार कप्पे, दोन कप्पे आणि तीन कप्पे. डाव्या कप्प्याची भिंत १६ तुकड्यांत विभागून प्रत्येकाला गुण द्यायचे : नीट हलतो १, कमी हलतो २, हलतच नाही ३, उलटा बाहेर फुगतो ४. बेरीज भागिले १६. सगळं ठीक असेल तर १ येतो. १० तुकडे चांगले, ४ मंद आणि २ ठप्प असतील तर २४ भागिले १६, म्हणजे दीड. नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा हा आकडा पुढच्या वेळी तुलनेला कितीतरी बरा.

हलणं बघताना शेजाऱ्याच्या ओढीला फसू नका. मेलेला तुकडा बाजूच्या जिवंत तुकड्याबरोबर ओढला जातो आणि हलल्यासारखा वाटतो. बघायचं ते जाड होणं. आकुंचनात स्नायू जाड होतो, वण जाड होत नाही. भिंत ६ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि चकचकीत पांढरी दिसत असेल तर तिथून फारशी आशा धरू नये.

(घ) टोक कापलं जाऊ देऊ नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. शिकायच्या दिवसांत एका माणसाचं पंपिंग मी ५० लिहिलं. पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक, एलएडीत स्टेंट, आणि माझ्या चित्रात हृदयाचं टोक छान गोलसर, जाड, हलणारं. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता पेशंटला आणखी थोडं कुशीवर वळवलं आणि प्रोब एक बरगडी खाली सरकवला. कप्पा पडद्यावर लांब झाला. खरं टोक दिसलं : पातळ, फुगलेलं, आणि त्यात चिकटलेली शेंगदाण्याएवढी गुठळी. माझं ‘टोक’ म्हणजे बाजूची भिंत होती, मी कप्पा तिरका कापला होता. पंपिंग ३८ निघालं आणि त्या माणसाला गुठळीचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. तेव्हापासून टोक छोटं आणि फार उत्साहानं हलताना दिसलं की मी आधी स्वतःवर संशय घेतो.

तपासून बघा : चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या चित्रांत डाव्या कप्प्याची लांबी जवळपास सारखी आली पाहिजे. बराच फरक असेल तर एका चित्रात टोक कापलं गेलंय.

(च) आता पंपिंग मोजा, आणि सिम्प्सन पद्धतीनंच. चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या चित्रांत आतली कड आखून, भरलेला आणि रिकामा झालेला आकार काढायचा. जुनी एम-मोडची पद्धत हृदयाच्या बुडाकडच्या एका रेषेवर मोजते आणि उरलेलं हृदय तसंच असेल असं गृहीत धरते. अटॅकनंतर नेमकं तेच खरं नसतं. टोक पडलेलं आणि बूड जोरात असेल तर एम-मोड हमखास फुगवून सांगते. ठोके अनियमित असतील, म्हणजे एएफसारखा प्रकार असेल, तर निदान ५ ठोक्यांची सरासरी घ्या. शेजारशेजारचे दोन किंवा जास्त तुकडे दिसतच नसतील तर कड कल्पनेनं आखू नका. कॉन्ट्रास्ट, म्हणजे कड उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देऊन बघा, किंवा ‘दिसलं नाही’ असं लिहा.

(छ) शेवटी जोखमीच्या जागा. टोकात गुठळी, विशेषतः पुढच्या भिंतीच्या अटॅकनंतर. मायट्रल झडपेची गळती. हृदयाभोवती पाणी. खालच्या भिंतीचा अटॅक असेल तर उजवा कप्पा. त्याच्या झडपेच्या कडेची हालचाल १७ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तो दुबळा.

यंत्रात स्ट्रेनची, म्हणजे आकुंचनात स्नायू किती टक्के आखडतो ते मोजायची, सोय असेल तर तेही घ्यावं. निरोगी माणसात हा आकडा उणे २० च्या आसपास येतो आणि शून्याकडे जाईल तसा स्नायू अशक्त. पंपिंग ५५ असूनही स्ट्रेन उणे १४ असतो, तेव्हा स्नायूचं दुखणं लपलेलं असतं. पण कंपनीगणिक आकडा बदलतो, तेव्हा एका यंत्रावरचा दुसऱ्या यंत्रावरच्याशी जुळवू नका.

६. रिपोर्ट वाचा, पण शेवटच्या ओळीपासून नको

लोक थेट ‘एलव्हीईएफ’वर, म्हणजे पंपिंगच्या आकड्यावर, बोट ठेवतात. त्याआधी तीन गोष्टी शोधा : चित्रं कशी मिळाली, चांगली की अस्पष्ट, बीपी आणि नाडी, आणि पंपिंग कशानं मोजलं. ‘व्हिज्युअल’ म्हणजे डोळ्यांनी अंदाज. अनुभवी माणसाचा अंदाज वाईट नसतो, पण अंदाज आहे हे माहीत असावं.

मग ‘आरडब्ल्यूएमए’ची ओळ. म्हणजे भिंतीच्या ठरावीक भागाची हालचाल बिघडली. हायपोकायनेटिक म्हणजे मंद, अकायनेटिक म्हणजे ठप्प, डिसकायनेटिक म्हणजे उलटी. हा भाग आणि स्टेंट असलेली नस जुळते का बघा. एलएडीची नस पुढची भिंत, मधला पडदा आणि टोक सांभाळते. उजवी नस म्हणजे आरसीए, ती बहुतेकांत खालची भिंत आणि उजवा कप्पा. सर्कमफ्लेक्स ही तिसरी नस, ती बाजूची भिंत. स्टेंट एलएडीत आणि नवा बिघाड खालच्या भिंतीत, असं असेल तर ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टना मुद्दाम दाखवा, दुसऱ्या नसेचा प्रश्न असू शकतो.

आता पंपिंग. कप्प्यात १२० मिली रक्त भरलं आणि आकुंचनानंतर ५४ उरलं, तर ६६ बाहेर गेलं. म्हणजे ५५ टक्के. शंभर टक्के कुणाचंच नसतं. पुरुषांत ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ हे नॉर्मल. “साहेब, निम्मंच हृदय चालतंय का ओ?” असं ५५ चा रिपोर्ट हातात घेऊन रडवेल्या चेहऱ्यानं विचारणारे दर आठवड्याला भेटतात. त्यांना सांगतो, माझंही एवढंच आहे. नॉर्मलच्या खाली ४१ पर्यंत सौम्य घट, ३० ते ४० मध्यम, ३० च्या खाली जास्त.

कप्प्याचा आकारही वाचा. डाव्या कप्प्याची भरलेल्या अवस्थेतली रुंदी पुरुषांत साधारण ५८ आणि बायकांत ५२ मिलिमीटरपर्यंत ठीक. दर इकोला ती वाढत असेल तर पंपिंग तेवढंच असूनही हृदय पसरतंय. ‘ग्रेड १ डायास्टोलिक डिसफंक्शन’ (हृदय सैल होऊन भरण्यातला दोष) हे शब्द साठीच्या पुढच्या बहुतेक रिपोर्टांत असतात, त्यावर झोप घालवू नका. ग्रेड २, ३ आणि जोडीला धाप असेल तर विचारा.

७. तुलना करा

सावळजकडचे एक द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आले. हातात तीन रिपोर्ट : ३५, ५०, ४२. मुलाचा हिशेब तयार होता. “आधी वाढलं, मग आठानं पडलं. औषध लागू पडंना झालंय.” आम्ही टेबलावर तिन्ही कागद ओळीनं मांडले. पहिला अटॅकच्या दुसऱ्या दिवशीचा, नाडी ११२. दुसरा पाचव्या आठवड्यातला, एम-मोडनं काढलेला. तिसरा अकराव्या आठवड्यातला, सिम्प्सननं, नाडी ६८. मधला रिपोर्ट बाजूला ठेवला तर उरतं ३५ वरून ४२, आणि सीडीत पुढच्या भिंतीचे दोन तुकडे ठप्पवरून मंद झालेले स्पष्ट दिसत होते. औषध लागू पडत होतं. मुलानं ते बंद करायची तयारी केली होती.

एकाच हृदयाचं पंपिंग दोन चांगल्या माणसांनी मोजलं तरी ५ ते १० अंकांचा फरक पडू शकतो. म्हणून :

शक्यतो तेच ठिकाण, तेच यंत्र, तोच माणूस.

पाचाच्या आतल्या चढउतारावर काहीही बदलू नका.

आकडा बदलला तर भिंतीची हालचाल आणि कप्प्याचं माप त्याच दिशेनं बदललंय का, ते बघा. तिन्ही एकमेकांना दुजोरा देत असतील तर बदल खरा.

फाईलच्या पहिल्या पानावर दर वेळी एक ओळ लिहीत जा. नमुना : ‘अकरावा आठवडा, सिम्प्सन, ४२, नाडी ६८, बीपी १२४/७८, टोक आणि पुढची भिंत मंद, गुठळी नाही, मायट्रल गळती किरकोळ’. पाच मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टरांना याहून उपयोगी काही देता येत नाही.

८. आकड्यावरून पुढे काय

नॉर्मल आलं तर औषधं बंद होत नाहीत. इकोत स्नायू चांगला दिसतो म्हणजे स्टेंटला गोळ्यांची गरज संपली, असं नाही. अटॅकनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात, ठरवून टाकलेल्या स्टेंटला बहुधा ६ महिने, आणि ही मुदत तुमचे कार्डिओलॉजिस्ट ठरवतात. दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय, तरी आधी त्यांना फोन. मुदतीआधी परस्पर बंद केल्यानं स्टेंटमध्ये गुठळी होऊन आलेले पेशंट मी बघितलेत, आणि त्यातल्या एकाच्या खिशात पंपिंग ६० चा रिपोर्ट होता.

४१ ते ४९ मध्ये असेल तर औषधांची मात्रा पुरेशी आहे का, बीपी-साखर ताब्यात आहे का, हे विचारा आणि पुढच्या इकोची तारीख घ्या.

४० किंवा खाली असेल तर चार गटांतली औषधं चालू आहेत का, हे चिठ्ठीशी ताडून बघा : रॅमिप्रिलसारखी किंवा सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. एखादी नसेल तर त्याला कारण असू शकतं, किडनी, पोटॅशियम किंवा कमी बीपी. स्वतःहून सुरू करू नका, विचारा. घरी रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नाही, पाणी आहे. मिठानं पाणी साठतं, तेव्हा पापड-लोणचं आणि भडंगाचा डबा काही काळ दुसऱ्याच्या हाताला लागेल असा ठेवा.

तीन महिन्यांनी, पूर्ण औषधांवर, ३५ किंवा खाली राहिलं तर एआयसीडीबद्दल कार्डिओलॉजिस्टशी बोलायची वेळ झाली. स्नायू जिवंत आहे का, हा प्रश्न उरला असेल तर कमी मात्रेचं औषध देऊन स्ट्रेस इको किंवा हृदयाचा एमआरआय सांगतात.

गुठळी सापडली तर रक्त पातळ करणारं आणखी वेगळं औषध लागतं, साधारण ३ ते ६ महिने, आणि ते थांबवण्याआधी पुन्हा इको. ही इको वर सांगितलेल्या कॅलेंडरमध्ये नसते, तिची तारीख वेगळी लिहून ठेवा.

सावधान : पुढची इको महिन्याभरावर आहे म्हणून त्रास अंगावर काढू नका. उशी लावूनही झोप येत नाही, रात्री धाप लागून उठावं लागतं, पायावर बोट दाबलं की खळगा पडतो, चक्कर येऊन पडायला होतं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडतो. यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. हात-पाय लुळा पडला किंवा शुद्ध हरपली तर घड्याळात वेळ बघून ठेवा आणि थेट हॉस्पिटल. फाईल मागाहून आली तरी चालेल, पहिल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये आहेच.